डॉल्बी की डीटीएस? चहूबाजूंच्या आवाजाची कथा

#थ्रेड

दिवाळीच्या सुमारास हा प्रश्न हमखास येतो. नवा टीव्ही घेतलेला असतो, सोबत पाच-सात स्पीकरचा संच घ्यायचा असतो, आणि खोक्यावर डॉल्बी डिजिटल, ट्रूएचडी, अ‍ॅटमॉस, डीटीएस-एचडी, डीटीएस:एक्स अशी बिरुदे ओळीने छापलेली असतात. विचारणाऱ्याला एवढेच हवे असते, की यातले चांगले कोणते? उत्तर थोडक्यात देता येते, आणि ते या धाग्याच्या शेवटी दिलेही आहे. पण या बिरुदांमागची नव्वद वर्षांची चढाओढ ठाऊक नसेल तर ते उत्तर कोणालाच पटत नाही, असा माझा अनुभव आहे. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

आधीच एक सांगून ठेवतो. या चढाओढीत कानाने दिलेला निकाल फारच क्वचित अंतिम ठरला. ‘हे माझ्या जुन्या यंत्रावर वाजेल का?’ या प्रश्नाला ज्याच्यापाशी ‘हो’ असे उत्तर होते, तो बहुतेक वेळा टिकला.

१९३१ सालची गोष्ट सांगतात. ईएमआय या कंपनीतील अ‍ॅलन ब्लमलाइन नावाचा तरुण अभियंता पत्नीसमवेत लंडनमध्ये चित्रपट पाहावयास गेला होता. बोलपट नुकतेच रुळले होते. पात्र पडद्याच्या कोणत्याही टोकाला उभे असो, त्याचा आवाज येई तो एकाच जागेवरून. आवाजाला पात्रामागे चालवण्याची युक्ती आपल्याला सापडली आहे, असे ब्लमलाइनने पत्नीला सांगितले, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात पेटंटसाठी अर्ज केला. तबकडीच्या एकाच खाचेच्या दोन भिंतींवर दोन वेगवेगळे आवाज कोरण्याची पद्धत त्या अर्जात होती. पाव शतकानंतर स्टीरिओ तबकड्या बाजारात आल्या त्या याच तत्त्वावर. ते पाहायला ब्लमलाइन नव्हता. १९४२ मध्ये रडारची चाचणी घेत असलेले बॉम्बर विमान कोसळून तो मृत्यू पावला. वय अवघे ३८.

चित्रपटगृहात प्रेक्षकाला आवाजाने वेढण्याचा पहिला मोठा प्रयोग वॉल्ट डिस्ने यांचा. १३ नोव्हेंबर १९४० रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे थिएटरात ‘फँटेशिया’ झळकला. लिओपोल्ड स्टोकोव्हस्की यांनी संचालित केलेले वाद्यवृंदाचे संगीत, आणि ते वाजवण्यासाठी आरसीएच्या साहाय्याने उभारलेली ‘फँटासाउंड’ ही व्यवस्था. चित्राची फिल्म एका यंत्रावर आणि आवाजाची फिल्म दुसऱ्या यंत्रावर, दोन्ही एकाच लयीत चालवायच्या. आवाजाच्या फिल्मवर तीन ध्वनिपट्टे आणि चौथा नियंत्रणाचा, जो कोणता आवाज कुठे किती चढवायचा हे ठरवी. परिणाम विलक्षण होता म्हणतात. पण ही सारी सामग्री गावोगाव नेऊन बसवण्याचा खर्च इतका, की मोजक्या शहरांपलीकडे ती गेलीच नाही. त्यात महायुद्ध. पुढे बहुसंख्य प्रेक्षकांनी ‘फँटेशिया’ पाहिला तो साध्या एकपदरी आवाजात.

पन्नाशीच्या दशकात अमेरिकेत टीव्ही घराघरांत शिरला आणि प्रेक्षक ओसरू लागला, तेव्हा चित्रपटधंद्याला चहूबाजूंच्या आवाजाची पुन्हा आठवण झाली. सप्टेंबर १९५२ मध्ये सिनेरामा आला, सात चुंबकीय ध्वनिपट्टे घेऊन. पुढच्याच वर्षी ‘द रोब’बरोबर सिनेमास्कोप आला. त्याच्या प्रिंटच्या कडांवर चार चुंबकीय पट्ट्या असत, तीन पडद्यामागच्या स्पीकरसाठी आणि चौथी प्रेक्षागृहातील स्पीकरसाठी. ही चौथी पट्टी फारच खरखर करी. त्यावर तोडगा असा, की मागचे स्पीकर हवे असतील तेवढ्याच वेळी पट्टीवर १२ किलोहर्ट्झचा एक बारीक सूर ठेवायचा. तो सूर असेपर्यंत स्पीकर चालू, एरवी बंद. सराउंडचे स्पीकर आजही चित्रपटात बराच वेळ गप्प असतात आणि नवा ग्राहक ‘मागचा स्पीकर बिघडला’ म्हणून दुकानदाराला फोन करतो. हे गप्प बसणे सत्तर वर्षांचे जुने आहे.

चुंबकीय प्रिंट महाग, तिची पट्टी झिजणारी, आणि थिएटरमालकाला नवी यंत्रे घ्यावी लागणार. साठीच्या दशकात बहुतेक थिएटरे पुन्हा एकपदरी आवाजावरच चालू लागली. सहा चुंबकीय पट्ट्यांची ७० मिमी प्रिंट फक्त मोठ्या थिएटरांची चैन होऊन बसली.

ती चैन मुंबईकरांनी अनुभवली ती लॅमिंग्टन रोडवरच्या मिनर्व्हात. १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झालेला ‘शोले’ ३५ मिमीवर चित्रित करून ७० मिमीवर मोठा केलेला होता, आणि त्याचा स्टीरिओ आवाज लंडनमध्ये तयार झाला होता. जयने उडवलेले नाणे पडताना ऐकून प्रेक्षक खुर्चीखाली वाकून पाहत, ही आख्यायिका आपण सर्वांनी ऐकली आहे. तिच्यात किती मीठमसाला आहे कोण जाणे, पण नाणे नेमके कुठे पडले हे कानाला सांगता येईल अशी थिएटरे तेव्हा देशात बोटांवर मोजण्याइतकी होती. बाकीच्या महाराष्ट्राने तो ‘शोले’ एकाच स्पीकरमधून ऐकला, आणि तरीही त्याचे संवाद पाठ केले!

आता तबकड्यांच्या दुनियेकडे वळू. घरातील चहूबाजूंच्या आवाजाचे पहिले युद्ध तिथे झाले, आणि ते सर्वांनीच हरले.

१९७० च्या सुमारास ध्वनिमुद्रिका कंपन्यांनी ठरवले, की दोन स्पीकरांनंतर चार. याला नाव पडले क्वाड्रॅफोनिक. पण तबकडीच्या खाचेला भिंती दोनच. मग चार आवाज बसवायचे कुठे? कोलंबियाच्या छत्राखाली एसक्यू ही पद्धत आली, सान्सुई या जपानी कंपनीने क्यूएस आणली. दोन्हींमध्ये चार आवाज गणिती रीतीने दोनांत मिसळायचे आणि घरी यंत्राने पुन्हा वेगळे करायचे. मात्र एकीची तबकडी दुसरीच्या यंत्रावर धड उलगडत नसे. शिवाय मिसळलेले पूर्णपणे वेगळे होत नाही. एसक्यूत पुढच्या आणि मागच्या स्पीकरांतला फरक मुळात जेमतेम तीन डेसिबलचा, म्हणजे पुढचा गायक मागूनही गाऊ लागे.

तिसरी पद्धत जेव्हीसीची, सीडी-४. आरसीएने हिलाच पाठिंबा दिला. हिच्यात चारही आवाज खरोखर वेगळे राहत. मागच्या स्पीकरांची माहिती माणसाला ऐकू न येणाऱ्या, ३० किलोहर्ट्झच्या आसपासच्या कंपनांवर चढवलेली असे. ती वाचायला साधी सुई पुरेना. जेव्हीसीच्या नोरिओ शिबाता यांनी वेगळ्या घाटाची हिऱ्याची सुई घडवली, जी आजही ‘शिबाता’ याच नावाने विकली जाते. साध्या, जड सुईवर ही तबकडी काही वेळा वाजवली की तिची वरची कंपने झिजून जात आणि मागचे दोन आवाज कायमचे बिघडत. कल्पना करावी: चार स्पीकर, महागडी सुई, एक खास यंत्र असे सगळे विकत घेतलेला गृहस्थ घरी येतो, आणि त्याच्या आवडत्या गायकाची तबकडी निघते प्रतिस्पर्धी पद्धतीची. दशक संपण्याआधीच दुकानांतून क्वाड्रॅफोनिक नाहीसे झाले. यंत्रे माळ्यावर गेली. ‘थांबा, आधी कोण जिंकते ते पाहू’ ही ग्राहकाची सावध वृत्ती या धंद्याने तेव्हा स्वतःच्या हाताने तयार केली.

पण मिसळण्याचे ते गणित मेले नाही. ते चित्रपटगृहात गेले, आणि तिथून मागच्या दाराने पुन्हा घरात आले.

रे डॉल्बी हे अमेरिकन अभियंता. १९६३ ते ६५ या काळात ते संयुक्त राष्ट्रांचे सल्लागार म्हणून भारतात होते. चंडीगडच्या केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संस्थेच्या उभारणीत त्यांचा हातभार होता. टेपवरील खरखर कमी करण्याची कल्पना त्यांच्या मनात आकाराला आली ती याच मुक्कामात. १९६५ मध्ये त्यांनी लंडनला प्रयोगशाळा काढली. महाराष्ट्रात ‘डॉल्बी’ या शब्दाचा अर्थ आज विसर्जन मिरवणुकीतील स्पीकरची भिंत असा झाला आहे, आणि ‘डॉल्बीमुक्त गणेशोत्सव’ अशा घोषणा होतात. ज्या माणसाने नकोसा आवाज घटवण्यासाठी आयुष्य वेचले, त्याच्या नावाची ही गत पाहून हसावे की रडावे कळत नाही.

डॉल्बींच्या चमूने थिएटरमालकाची अडचण ओळखली. त्यांनी चुंबकीय पट्टीचा नाद सोडला आणि प्रिंटवर पूर्वीपासून असलेल्या प्रकाशीय ध्वनिपट्ट्याच्याच जागेत दोन पट्टे बसवले. त्या दोनांत चार आवाज मिसळले: डावा, मधला, उजवा आणि सराउंड. क्वाड्रॅफोनिकचेच गणित, पण हिशेब शहाणपणाचा. मधला आवाज दोन्ही पट्ट्यांत सारखाच ठेवायचा. सराउंडचा आवाज दोन्हींत ठेवायचा, पण एकात उलटा. दोन्ही पट्ट्यांची बेरीज केली की मधला मिळतो, वजाबाकी केली की सराउंड.

यातली खुबी पाहा. एखाद्या गावच्या जुन्या थिएटरात हे यंत्र नाहीच असे समजू. तिथला प्रोजेक्टर दोन्ही पट्टे एकत्रच वाचतो, म्हणजे आपोआप बेरीज होते. सराउंड स्वतःलाच छेदून नाहीसा होतो आणि संवाद मात्र स्वच्छ राहतात. वितरकाला दोन प्रकारच्या प्रिंटा काढाव्या लागत नाहीत. राहिला प्रश्न पुढचा आवाज मागे झिरपण्याचा. त्यावर उपाय म्हणून मागचा आवाज काही सहस्रांश सेकंद उशिरा सोडला. एकच आवाज दोन ठिकाणांहून आला तर जो आधी पोहोचेल त्याची दिशा कान खरी मानतो. झिरपलेले संवादही त्यामुळे पडद्यातूनच आल्यासारखे वाटतात. संगीतात चारही कोपरे तोलामोलाचे हवे होते, म्हणून हे गणित तिथे उघडे पडले. चित्रपटात डोळे पडद्यावर खिळलेले असतात, तिथे ते निभावले. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’नंतर डॉल्बी स्टीरिओ हा परवलीचा शब्द झाला.

आणि मग एक न ठरवलेली गोष्ट घडली. हे चित्रपट व्हिडिओ कॅसेटवर आले तेव्हा त्यांचे दोन ध्वनिपट्टे जसेच्या तसे कॅसेटवर उतरले. म्हणजे सराउंडचा आवाज लोकांच्या घरी आधीच येऊन पडला होता, तो उलगडणारे यंत्र तेवढे नव्हते. १९८२ मध्ये ते डॉल्बी सराउंड या नावाने आले, आणि १९८७ मध्ये मधल्या स्पीकरसह प्रो लॉजिक. ग्राहकाला नव्या पद्धतीची कॅसेट शोधावी लागली नाही. क्वाड्रॅफोनिकला जे जमले नाही ते यात आयतेच साधले. माझ्या मते घरगुती थिएटर या कल्पनेचा खरा जन्म इथे आहे.

जाता जाता: टीएचएक्स ही आवाजाची पद्धत नव्हे. ‘रिटर्न ऑफ द जेडाय’च्या वेळी, १९८३ मध्ये, टॉमलिन्सन होल्मन यांनी ल्यूकसफिल्मसाठी ठरवलेली ती थिएटरच्या दर्जाची मानके आहेत. ‘५.१’ हे नावही होल्मन यांचेच. पाच पूर्ण आवाज, आणि ‘पॉइंट वन’ म्हणजे फक्त खालच्या गडगडाटापुरता सहावा.

नव्वदीच्या दशकात आवाज डिजिटल झाला. पहिले पाऊल कोडॅकच्या सहभागाने पडले. सिनेमा डिजिटल साउंड ही पद्धत १९९० च्या ‘डिक ट्रेसी’बरोबर आली. आवाज उत्तम होता. पण डिजिटल माहितीसाठी प्रिंटवरचा जुना ध्वनिपट्टा काढून टाकलेला होता. माहिती वाचताना यंत्र अडखळले की थिएटरात पूर्ण शांतता, आणि जुन्या थिएटरला ती प्रिंट निरुपयोगी. दोन-एक वर्षांत ही पद्धत इतिहासजमा झाली.

डॉल्बींनी हा धडा घेतला. जून १९९२ मध्ये ‘बॅटमॅन रिटर्न्स’बरोबर आलेल्या डॉल्बी डिजिटलने जुन्या पट्ट्याला हात लावला नाही. फिल्म ओढण्यासाठी कडेला जी छिद्रे असतात त्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत ठिपक्यांचे चौकोन छापले. पुढच्याच जूनमध्ये ‘ज्युरासिक पार्क’ घेऊन डीटीएस आली. टेरी बिअर्ड यांची ही कल्पना आणखी साधी होती. आवाज फिल्मवर ठेवायचाच नाही, तो वेगळ्या सीडीवर द्यायचा; फिल्मवर फक्त वेळेच्या खुणांची एक तुटक रेघ. यंत्र स्वस्त, म्हणून थिएटरे पटापट तयार झाली. त्याच महिन्यात सोनीची एसडीडीएस आली, ती फिल्मच्या अगदी बाहेरच्या कडांवर.

त्या काळातील प्रिंटचा तुकडा कोणाकडे असेल तर उजेडात धरून पाहावा. बाहेरच्या कडेला सोनीचे निळसर पट्टे, छिद्रांच्या मध्ये डॉल्बीचे चौकोन, त्यांच्या आत नागमोडी रेषांचा जुना ध्वनिपट्टा, आणि त्याच्या व चित्राच्या मधल्या चिंचोळ्या फटीत डीटीएसची तुटक रेघ. तीन प्रतिस्पर्धी आणि एक म्हातारा, चौघे एकाच पट्टीवर. थिएटरमालकाने कोणतेही यंत्र घेतलेले असो, प्रिंट चाले. डिजिटल फसले तर म्हातारा सांभाळून घेई.

घरात मात्र असे चौघांना नांदवणे शक्य नव्हते. डीव्हीडीवर जागा मर्यादित. ती नोव्हेंबर १९९६ मध्ये जपानात आणि पुढच्या मार्चमध्ये अमेरिकेत आली, तेव्हा डॉल्बी डिजिटल प्रत्येक प्लेअरला वाचता आलेच पाहिजे असे ठरले, आणि डीटीएस ऐच्छिक राहिली. युरोपसारख्या पाल पद्धतीच्या देशांसाठी सुरुवातीला एमपीईजी हा तिसराच प्रकार योजला होता. तो वर्षभरात मागे पडला. मग हौशी लोकांत वाद पेटला. डॉल्बीचा डीव्हीडीवरचा वेग सेकंदाला जास्तीत जास्त ४४८ किलोबिट, डीटीएसचा ७५४ किंवा १५०९. आकडा मोठा म्हणजे आवाज चांगला, असे समीकरण रूढ झाले, आणि तबकडीवरचे पर्याय बदलून ऐकणाऱ्यालाही डीटीएस अधिक जोरकस वाटे.

त्यातला एक भाग खरा होता. पण दुसरा भाग फसवा होता. डॉल्बीच्या प्रवाहात संवादांची पातळी नोंदवलेली असते आणि तिच्यानुसार यंत्र एकूण आवाज खाली आणते, बहुधा चार डेसिबलने. डीटीएसमध्ये सहसा असे होत नसे. दोन सारख्या आवाजांपैकी किंचित मोठा असलेला माणसाला नेहमीच अधिक चांगला वाटतो. पातळी जुळवून न घेता केलेल्या अशा कित्येक तुलना त्या काळी पैजेवर लढवल्या गेल्या, आणि त्यांच्या भरवशावर महागडे रिसीव्हर विकत घेतले गेले.

२००६ मध्ये ब्लू-रे आली आणि वादाचा तो भाग निकालात निघाला. डॉल्बी ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ या दोन्ही पद्धती आवाज घडी घालून ठेवतात आणि उलगडल्यावर मूळ मुद्रण जसेच्या तसे परत देतात. मग श्रेष्ठ-कनिष्ठ उरतेच कुठे? तरीही ब्लू-रेवर डीटीएस पुढे गेली. कारण तेच जुने. तिच्या प्रवाहाच्या गाभ्यात साधे डीटीएस असते, त्यामुळे जुना रिसीव्हर तेवढाच गाभा वाचून काम चालवतो. ट्रूएचडीसाठी शेजारी वेगळा डॉल्बी डिजिटल प्रवाह ठेवावा लागतो. चित्रपटगृहात जुन्याला सांभाळून जिंकलेल्या डॉल्बीला इथे त्याच डावात मात मिळाली.

२०१२ मध्ये ‘ब्रेव्ह’ या चित्रपटासोबत आलेल्या अ‍ॅटमॉसने आवाजाला उंची दिली. आता आवाज ‘मागच्या डाव्या स्पीकरचा’ नसतो. तो खोलीतल्या एका बिंदूचा असतो, आणि जे स्पीकर उपलब्ध असतील त्यांच्यावर तो कसा मांडायचा हे यंत्र ठरवते. बेल्जियममधली ऑरो-३डी त्याच वर्षी थोडी आधी आली, डीटीएस:एक्स २०१५ मध्ये. पण तोपर्यंत तबकड्याच मागे पडू लागल्या होत्या. इंटरनेटवरून येणाऱ्या चित्रपटांनी डॉल्बी डिजिटल प्लस स्वीकारले. त्याचा थोड्या जागेत मावणारा प्रवाह पाच स्पीकरांवर साधा ५.१ म्हणून वाजतो, आणि अ‍ॅटमॉसचे यंत्र असेल तर त्याच्यातूनच उंचीचे आवाज निघतात.

तर आता ते उत्तर. आपण मुख्यतः स्ट्रीमिंगवर पाहत असाल तर आपल्याकडे येणारा आवाज जवळजवळ सर्व डॉल्बीचाच असेल, डीटीएस क्वचित. ब्लू-रेचा संग्रह असेल तर दोन्ही लागतील, आणि बरा रिसीव्हर दोन्ही वाचतोच. मात्र साउंडबार घेताना, किंवा प्लेअर टीव्हीमार्फत जोडताना, डीटीएसची चौकशी करावी, कारण काही टीव्ही ते पुढे जाऊच देत नाहीत. टीव्हीवरचे खोबण ‘एआरसी’ आहे की ‘ईएआरसी’ हेही पाहावे. साध्या एआरसीतून स्ट्रीमिंगचे अ‍ॅटमॉस जाते, ब्लू-रेचे ट्रूएचडी जात नाही.

बिरुदांवर वाचलेले पैसे मधल्या स्पीकरवर घालावेत. संवाद तिथूनच येतात. सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असेल, आणि आपल्या फ्लॅटांत तो बहुधा असतोच, तर सात स्पीकरांचा हट्ट नको. मागच्या दोघांना जागाच नाही. आणि आवाज छताकडे फेकून परतवणारे अ‍ॅटमॉसचे स्पीकर घेण्याआधी एकदा मान वर करून पाहावे. सपाट स्लॅब असेल तर ते चालतील. पीओपीचे खणाखणांचे, दिव्यांच्या खोबणींचे फॉल्स सीलिंग असेल, तर त्यांच्यातून निघालेला पाऊस भलतीकडेच पडेल.